दहावा माणूस

ऑक्टोबर लागला की मी भोपळा आणते. चिरलेल्या फोडी नव्हेत, अख्खा, देठासकट. भाजीवाला दरवर्षी विचारतो, "ताई, घरात माणसं किती?" मी म्हणते, दोन. मग तो एकदा भोपळ्याकडे बघतो आणि एकदा माझ्याकडे. आता त्याला कुठे सांगत बसू की हा खायचा नाही, चर्चमध्ये न्यायचा आहे! आमच्यात कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं काहीतरी पिकलेलं आणून वेदीपुढे ठेवायचं असतं. अंधेरीत काय पिकतं? डास पिकतात. पण आमची मंडळी मूळची नगरकडची, शेतं सुटली तरी सण सुटला नाही. कोणी बाजारातून कणसं आणतं, कोणी कुंडीतल्या मिरच्या, आणि उपासना झाली की अंगणात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. आमच्या घरचा भोपळा. हे पप्पांनी ठरवलेलं, आणि पप्पांनी ठरवलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा भोपळा आणून पप्पांच्या खाटेसमोर ठेवला. जुलैत त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, म्हणून तर जास्त वाईट. त्यांनी भोपळ्याकडे बघितलं, डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं, म्हणजे तू घेऊन जा. मग स्वतःकडे बोट केलं आणि हात हलवला. मी नाही येणार. "का नाही येणार?" मी विचारलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि ते तिथेच ठेवून रडायला लागले.

मला कळलं. ज्या माणसानं जन्मभर सांगितलं की ज्याचा विश्वास त्यानं आपल्या तोंडानं बोलून दाखवावा, त्याचंच तोंड गेलं. आता मंडळीत जाऊन मुक्यानं बसायचं, कोणाच्या जिवावर? असं त्यांचं म्हणणं. मी डोळे पुसले, त्यांचे आणि माझे, आणि म्हटलं, बघू. स्वयंपाकघरात येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजता मोजता मला दिवोरामावशी आठवली आणि तिचा तो भाद्रपद-आश्विन.

ऐंशीच्या दशकातलं मधलंच कुठलंतरी वर्ष. मी कॉलेजात. बिल्डिंग हीच, मरोळच्या बाजूची, दोन मजली, पुढे लांब सामाईक गॅलरी. आमच्या शेजारी शालोमकाका आणि दिवोरामावशी, आणि गॅलरीच्या टोकाच्या खोलीत शालोमकाकांचे धाकटे भाऊ एझ्राकाका, एकटेच. ही माणसं बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. नवीन भाडेकरू नावं ऐकून दचकायचे, फॉरेनर आहेत की काय. मग मावशी नऊवारीचा पदर खोचून गॅलरीत यायची आणि म्हणायची, "अगो, तुझा नळ वाहतोय तो बंद कर आधी." झालं फॉरेन! त्यांचे वाडवडील अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मावशी हे अभिमानानं सांगायची.

त्या दिवसांचा मला आधी वास आठवतो. पाऊस ओसरत आलेला, भिंतीची ओल सुकायला लागलेली, आणि शेजारी त्यांच्या नव्याच्या सणाचा, म्हणजे नव्या वर्षाचा, हलवा. मावशी गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायची आणि नारळाच्या दुधात तो चीक घोटत बसायची. सगळी दुपार तो वास गॅलरीभर. आम्ही पोरं काहीतरी निमित्त काढून तिच्या दारावरून जायचो आणि ती कढई न सोडता ओरडायची, "संध्याकाळी या रे, आता हात लावायचा नाही!" संध्याकाळी पप्पा साकीनाक्याहून यायचे, शर्टाला लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा वास, आणि दारातच म्हणायचे, "झाला वाटतं नव्याचा सण."

त्या वर्षी तो वास आला नाही. श्रावणात शालोमकाका गेले. सकाळी दाढी करता करता बसले ते बसलेच.

आता शालोमकाका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. त्यांच्यात एक नियम आहे: काही प्रार्थना एकट्यादुकट्यानं करायच्याच नाहीत. दहा मोठे पुरुष जमले तरच. मेलेल्या माणसासाठी मुलानं किंवा भावानं म्हणायची जी प्रार्थना, कद्दिश, तीसुद्धा दहा जमल्याशिवाय नाही. नऊ संत जमले तरी चालत नाही, दहा टपोरी जमले तर चालतं, असं एझ्राकाका हसून सांगायचे. आमच्या भागात त्यांची माणसं आधीच थोडी, त्यात दर वर्षी एखादं घर सामान बांधून इस्रायलला जायचं. मोठी प्रार्थनाघरं लांब. म्हणून जवळच डॅनियलसाहेब नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ही मंडळी जमायची. आणि जमवायचं काम शालोमकाकांचं. शुक्रवारी दुपारपासून ते फिरायचे, याचं दार ठोठाव, त्याला दुकानातून उठव. एवढं करून दहावे ते स्वतः. ते गेले आणि मागे राहिले नऊ.

आणि सण तोंडावर आलेला. दारफाळणी. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, त्या दिवशी आभाळाची दारं मिटतात, असं मावशी सांगायची. आदल्या संध्याकाळपासून कडक उपास, पाण्याचा थेंब नाही, पांढरे कपडे, घराची दारं बंद, परक्याशी बोलणं नाही. अख्खं वर्ष जे काही चुकलं ते त्या दिवशी देवापुढे मांडायचं. घरातली गेलेली माणसंही त्या दिवसात घरी येऊन जातात, असं तिची सासू सांगायची. तेव्हा शालोमकाकांसाठी कद्दिश व्हायलाच हवं होतं. मूल नव्हतं त्यांना. म्हणणारा एकच, भाऊ. दहावा होणाराही तोच भाऊ. आणि एझ्राकाका देव मानत नव्हते.

उगाच फॅशन म्हणून नव्हे. मुलुंडला एका कंपनीत कामाला होते, युनियनचे, बोलायला तिखट, पण मुळात श्रद्धेतच वाढलेले. लग्नानंतर तीन वर्षांत त्यांची बायको आजारी पडली. तेव्हा सगळी मंडळी हॉलमध्ये तिच्यासाठी उभी राहिली होती. बाई गेली. त्यानंतर काका त्या हॉलची पायरी चढले नाहीत. "दहा होते तेव्हा," ते म्हणायचे, "अकरावा मी. काय झालं?"

मावशी त्यांच्याशी बोलायला गेली तेव्हा मी तिथेच होते, गॅलरीत तांदूळ निवडत. ती लग्न होऊन आली तेव्हा एझ्राकाका हाफ पँटमध्ये शाळेत जायचे, त्यामुळे अरे-तुरेच.

"एझ्रा, सणाला चल."

"वहिनी, नको ना. तुला माहीत आहे सगळं."

"काय माहीत आहे?"

"मी मानत नाही."

"मी विचारलं का तुला, मानतोस का?"

काका म्हणाले, "भावासाठी मी काहीही करीन. हाड मोडून देईन. पण तिथे उभं राहून खोटं बोलू? शालोमच्याच नावानं?"

"बरं, बोलू नको," मावशी म्हणाली. "तू नुसता येऊन बस. बाकीचं आम्ही बघतो."

"असं कसं चालेल?"

"चालतं. शालोमला तू कायम विचारायचास ना, सगळ्यांना कशाला गोळा करतोस म्हणून? त्यानं कधी कोणाला विचारलं नाही, तुझ्या मनात काय आहे. दार ठोठावलं की म्हणायचा, चप्पल घाल."

काका आत गेले, दार लावून घेतलं. मावशी कठड्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "बारीक खडे राहतात गं, नीट बघ."

पप्पांच्या कानावर हे गेलं आणि तिथून पुढे घोळ झाला. पप्पा टर्नर. साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये लेथवर. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. पाळक नसतील त्या रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे, आणि एरवी गॅलरीत, म्हणून बिल्डिंग त्यांना मास्तर म्हणायची. मावशीनं त्यांना विनवलं, "मास्तर, तुमचं ऐकतो तो. तुम्ही समजवा." आणि पप्पांनी काय म्हणावं? "दिवोराबाई, एझ्राचं बरोबर आहे. विश्वास नसताना तोंडानं म्हणणं म्हणजे ढोंग. दुसऱ्याच्या विश्वासावर आपण तरत नाही. रांगेत उभं राहून रेशन मिळतं, तारण मिळत नाही."

मावशीचा चेहरा उतरला. "वा मास्तर," ती म्हणाली, "चांगलं समजवलंत," आणि सरळ निघून गेली. आईनं पप्पांना झाडलं, "काय हो, बाईचा नवरा गेलाय आणि तुम्ही उपदेश कसला करता!" पप्पा म्हणाले, "खरं ते खरं."

पप्पांना दोष तरी कसा देऊ? त्यांचे आजोबा नगरकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती झाले ते एकटे. अख्ख्या गावात एकटे. भावकीनं वाळीत टाकलं, विहीर बंद केली, बायको माहेरी निघून गेली. तरी हा माणूस रोज सकाळी एकटाच दारात बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणायचा. आमच्या घरात ही गोष्ट जेवणाआधीच्या प्रार्थनेइतक्या वेळा सांगून झालेली. म्हणून पप्पांच्या लेखी विश्वास म्हणजे जो एकट्यानं उभं राहून बोलता येतो तो. बाकी सगळं हळद-कुंकू.

खालच्या मजल्यावरच्या जाधवांच्या आजीला हे कधी पटलं नाही. ती बौद्ध, धम्मदीक्षा घेतलेली. ती पप्पांना सुनवायची, "मास्तर, आमची तर वस्तीच्या वस्ती एका दिवशी उठली. मी एकटी असते तर घाबरून घरात बसले असते. मग माझी दीक्षा खोटी का?" पप्पा म्हणायचे, तुमची गोष्ट वेगळी. वेगळी कशी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मी? माझीच वाट लागली होती त्या दिवसांत. आमच्यात बाप्तिस्मा लहानपणी होतो, पण मूल मोठं झालं की त्यानं मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मी विश्वास धरते. याला दृढीकरण म्हणतात. ते झालं की मग प्रभुभोजनाची भाकर मिळते. माझं दृढीकरण त्या वर्षीच्या कापणीच्या रविवारी ठरलं होतं. पांढरी साडी आणली होती. मी वर्गाला जात होते, सगळी उत्तरं पाठ होती. फक्त मला काही वाटत नव्हतं. शंका म्हणाव्यात तर त्याही नव्हत्या, बंड नव्हतं, कोणावर राग नव्हता. आत हाक मारली तर कोणी ओ देत नव्हतं, एवढंच. आणि हे पप्पांना सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

मी ते एझ्राकाकांना सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार! ते कठड्यावर कपडे वाळत घालत होते. म्हणाले, "पप्पांना सांग."

"ते तुटतील."

"मग नको सांगू. उभी राहा आणि म्हण."

"खोटं?"

काकांनी शर्ट झटकला, दोन चिमटे लावले. "च्यायला," ते म्हणाले, "आपण दोघं एकाच वर्गात आहोत की गं मार्थे."

दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी आमचा मजला गप्प झाला. दरवर्षी व्हायचा. कोणी रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही, गॅलरीतून चपला वाजवत जायचं नाही. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. आई मला म्हणाली, दारातून डोकावू नको. मी खिडकीतून डोकावले. मावशी पांढऱ्या लुगड्यात बाहेर आली, दाराला कडी घातली आणि उभी राहिली. टोकाच्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याकडे वळणार, तेवढ्यात ते दार उघडलं. एझ्राकाका. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्याला टोपी. शर्ट शालोमकाकांचा असावा, खांद्यावर सैल होता. ती पुढे, ते मागे, दोघं जिना उतरले. मी मागे वळले तर पप्पा माझ्या पाठीशी उभे. तेही बघत होते. म्हणाले, "अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी दिवसभर ते दोघं दिसले नाहीत. संध्याकाळी उपास सुटला. त्यानंतरच्या दिवसाला ते शिळा सण म्हणतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचं, भेटायचं. त्या सकाळी मावशी आमच्याकडे आली, पप्पांशीही बोलली, राग बिग काही नाही. "दहा झाले," एवढंच म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडून पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. नवरा गेल्यावर महिना उलटून गेला होता. त्या दिवशी कुठे ती रडली.

एझ्राकाका गॅलरीत चहा घेऊन बसले होते. पप्पा त्यांच्याजवळ गेले. मी दाराआड.

"काय रे, म्हणालास?" पप्पांनी विचारलं.

"म्हणालो."

"विश्वास नसताना?"

"तुम्हाला एक सांगू मास्तर? त्या कद्दिशमध्ये मरणाचं नावच नाही. भावाचं नाव नाही. नुसती देवाची थोरवी. मी म्हणायला लागलो आणि पहिल्याच ओळीला घसा बसला. मी काय म्हणतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं. पण दर ओळीला ते नऊ जण आमेन म्हणत होते. ते मात्र ऐकू येत होतं." काकांनी चहाचा घोट घेतला. "आणि पापं कबूल करायची असतात ना, ती सगळ्यांनी मिळून, छाती ठोकत. आम्ही चोरलं, आम्ही चहाड्या केल्या. मी म्हटलं, मी कधी चोरलं? शेजारी डॅनियलसाहेब, ऐंशीचे, ठोकतायत छाती. त्या बापड्यानं काय चोरलं असणार! पण दहातल्या एकानं कोणीतरी चोरलं असेल. त्याला एकट्याला सांगायला लागू नये म्हणून सगळे सांगतात."

"हे काही बरोबर नाही," पप्पा म्हणाले. "ज्याचं पाप त्याचं."

"असेल. पण मग आमचे लोक मिसरच्या गुलामीतून समुद्र पार करून सुटले तेव्हा एकेकाला विचारलं होतं का, तुझा विश्वास आहे का? अर्धे तर कुरकुरत होते. तेही सुटले." काका हसले. "आणि तुमचीच ती गोष्ट. पांगळ्याची."

ही गोष्ट पप्पांची आवडती. बिल्डिंगमधल्या पोराटोरांना पाठ होती. येशू एका घरात आहे, दारात ही गर्दी, मग चौघं जण आपल्या पांगळ्या मित्राला खाटेसकट छपरावर चढवतात, छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. येशू त्याला क्षमा करतो, चालायला लावतो.

"त्यात तो पांगळा काही बोलतो का?" एझ्राकाकांनी विचारलं.

"नाही बोलत."

"मग येशूनं विश्वास बघितला तो कोणाचा?"

शास्त्र पप्पांना तोंडपाठ होतं, खोटं बोलणं शक्यच नव्हतं. "त्या चौघांचा," ते म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "पण त्याचाही असेलच ना."

"असेल की. मी कुठे नाही म्हणतो."

पप्पा उठून आत आले. हरले की ते उठून आत यायचे. मी दाराआडच उभी होते, आणि तिथेच, कसं कोण जाणे, बोलून गेले. "पप्पा, मी रविवारी उभी नाही राहणार."

"म्हणजे?"

"मला आत काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही. खोटं बोलू का?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, साडी आणलीय ना!" पप्पांनी टॉवेल घेतला, मोरीत गेले, बराच वेळ नळ चालू. बाहेर येऊन म्हणाले, "खोटं बोलायचं नाही." त्यांचाच नियम, त्यांच्याच घरात. त्या आठवड्यात त्यांच्या हातून लेथवर एक जॉब बिघडला, तो त्यांनी शेटला स्वतः नेऊन दाखवला. माझ्याशी ते बोलत होते, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच.

कापणीचा रविवार आला. वेदीपुढे कणसं, केळीचे घड, पपया, आमचा भोपळा. माझ्या वर्गातली मुलं-मुली उभी राहिली, बोलली. मी मागच्या बाकावर. मग प्रभुभोजन. एकेक बाक रिकामा होऊन पुढे जाऊ लागला. माझ्या बाकावरची माणसं माझे गुडघे ओलांडून गेली. सगळी मंडळी पुढे, मागे मी आणि दोन-चार शेंबडी पोरं. सगळे बघतायत असं वाटत होतं, आणि बघतही होते. मी फरशी बघत बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी अवस्था.

पप्पा पहिल्या बाकावर असायचे. ते उठले. आणि पुढे जायच्या ऐवजी मागे वळले. लोकांना वाटलं काहीतरी विसरले. मधल्या वाटेनं चालत आले, सगळ्यांच्या उलट दिशेनं, आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"पप्पा, जा ना," मी म्हटलं. "संपेल."

"गप बस."

संपली भाकर. पाळकांनी पुसलेला प्याला उलटा ठेवला. यंदाचा झटका येईपर्यंत आयुष्यात पप्पांचं प्रभुभोजन चुकलं ते त्या एकाच दिवशी. घरी येताना आईनं विचारलं, का नाही गेलात? ते म्हणाले, "आजोबा गावात एकटे होते. वर्षभर त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही." नंतर विचारलं ते एवढंच, की आपला भोपळा कोणी घेतला.

तेव्हापासून मी चर्चला जाते. न चुकता. त्याच मागच्या बाकावर. दृढीकरण केलं नाही ते नाहीच. पाळक बदलले, प्रत्येकानं प्रेमानं विचारून बघितलं. आत हाक मारली तर अजूनही कधी ओ येते, कधी येत नाही, पण आता मी त्यावर तितकी अडून नसते. मावशी पुढे काही वर्षांनी बहिणीच्या मुलांकडे इस्रायलला गेली. एझ्राकाकांनाही बोलावत होती. ते गेले नाहीत. "मी गेलो तर इथे नऊ होतील," असं सांगायचे, आणि शुक्रवारी दुपारी चप्पल घालून लोकांची दारं ठोठावायला निघायचे. देव मानत होते का? मी एकदा विचारलं. म्हणाले, "मला वेळ कुठे आहे गं!" ते इथेच गेले. त्यांच्यासाठी लांबून लांबून माणसं आली. दहाच्या वर होती, मावत नव्हती गॅलरीत.

तर यंदाचा रविवार. मी आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी चौघं वर आले: जाधवांच्या आजीचा नातू, तळमजल्यावरचा मालवणी परब, वॉचमन आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला. चर्चशी संबंध असलेला एकही नाही. प्लॅस्टिकची खुर्ची, चार कोपरे, चार माणसं. पप्पांनी बघितलं आणि डावा हात जोरजोरात हलवायला लागले. नाही, नाही. पुन्हा बोट ओठांवर.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, त्यांचा हात खाली घेतला. "पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही नुसतं येऊन बसा. बाकीचं आम्ही बघतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या चौघांकडे, एकेकाकडे, सावकाश. त्यांना पांगळ्याची गोष्ट आठवली असणार, पैज लावते. ओठाचा डावा कोपरा हलला. परब म्हणाला, "मास्तरांनू, घट धरून बसा हां!" आणि खुर्ची उचलली. जिन्याच्या वळणावर त्यांनी एकमेकांना इतक्या शिव्या घातल्या की काय सांगू. पप्पा डोळे मिटून बसले होते. मी मागून भोपळा घेऊन.

चर्चमध्ये त्यांची खुर्ची माझ्या मागच्या बाकाशेजारी लावली. प्रभुभोजनाला सगळे पुढे गेले. आम्ही दोघं बसून. शेवटी पाळक भाकर घेऊन मागे आले, पप्पांपुढे वाकले, शब्द म्हटले, तुकडा त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. यावर घेणाऱ्यानं आमेन म्हणायचं असतं. पप्पांनी तोंड उघडलं. मान ताणली. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसतीच हवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आमेन." मोठ्यानं म्हटलं, पहिल्या बाकापर्यंत जाईल असं. मग पप्पांनी भाकर तोंडात घातली.